आजऱ्याहून क्रूझ : पैसे कुठे वाचतात?

गोव्याचे जहाज मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून सुटते. आजरेकरांनी आधी कोल्हापूर गाठून महालक्ष्मी एक्सप्रेस पकडावी. सीएसएमटीहून टॅक्सीने धक्का जवळच आहे. परतीला मुंबईच कशाला? मुंबई-गोवा असे एकेरी तिकीट मिळत असेल तर तेच घ्यावे. मुरगाव बंदरात उतरले की सावंतवाडी, आंबोली आणि घर! मुंबईचा उलटा फेरा वाचतो.

कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ २०२१पासून या मार्गावर आहे. जहाज १९९०चे, त्यामुळे अगदी नव्या जहाजाची अपेक्षा नको. जाहिरातीतला आकडा बहुधा माणशी असतो, तोही एका केबिनमध्ये दोघे धरून. एकट्याला जवळजवळ दुप्पट पडू शकते. वर बंदर शुल्क, सेवा शुल्क, जीएसटी. म्हणून एजंटाकडून ‘सगळे धरून किती’ हे लेखी घ्यावे. जेवण भाड्यात येते. मद्य, वाय-फाय, किनाऱ्यावरच्या सहली सहसा वेगळ्या. गोव्याची सहल तर जहाजावरून विकत घेऊच नये, आपल्याला गोवा काय नवा आहे?

खिडकी नसलेली आतली केबिन सर्वांत स्वस्त. दोन रात्रींसाठी बाल्कनीचे पैसे मोजणे मला पटत नाही, डेक सगळ्यांनाच मोकळा असतो. मात्र आंबोली घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन मागावी. तिथे हेलकावे कमी.

दिवाळी, नाताळ टाळून मधल्या वारी निघावे. पावसाळ्यात मुंबईच्या फेऱ्या सहसा बंद असतात.