नव्या प्रणालीचे प्रवेशद्वार

शाळा जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत जाते, तेव्हा फळे, बाके आणि दप्तर हलविले की काम झाले, असे वरवर पाहता वाटते. परंतु मुलांनी कोणत्या दाराने आत यावयाचे आणि जुने दार केव्हा बंद होणार, हे आधी ठरले नसेल तर उत्तम इमारतीतही गोंधळ माजतो. मोठ्या संस्थेचा कारभार एका संगणक-प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेताना नेमका हाच प्रश्न उभा राहतो. शाळांची माहिती आता संगणकावर भरली जाते. म्हणून शिक्षकांनीही तो समजून घेणे अगत्याचे आहे.

अशा प्रणालीचे स्थूलमानाने तीन भाग असतात : माहितीचा साठा, त्या माहितीवर चालणारे नियम आणि कर्मचाऱ्यासमोर दिसणारा पडदा. पहिले दोन भाग तज्ज्ञांच्या हाती असतात. काम करणाऱ्याला मात्र पडदा हीच प्रणाली वाटते. तो बदलला की हाताची सवय मोडते, वेग मंदावतो आणि चुका वाढतात.

याचे बोधप्रद उदाहरण म्हणजे १९७२ साली जर्मनीत स्थापन झालेल्या एसएपी या कंपनीची प्रणाली. खरेदी, भांडार, हिशेब व वेतन ही कामे जगभरच्या अनेक मोठ्या संस्था तिच्यावर करतात. या कंपनीने २०१५ साली ‘एस/४ हाना’ ही नवी प्रणाली आणली. जुन्या ‘ईसीसी’ प्रणालीच्या अखेरच्या आवृत्त्यांची नियमित देखभाल २०२७ च्या अखेरीपर्यंतच जाहीर झालेली आहे. यामुळे संस्थांना स्थलांतर करावे लागते आणि त्या वेळी प्रवेशाचे तीन मुख्य मार्ग त्यांच्यापुढे असतात.

पहिला मार्ग जुन्या पडद्याचा. प्रत्येक संगणकावर एक स्वतंत्र कार्यक्रम बसवावयाचा आणि ठरावीक सांकेतिक अक्षरे टंकित करून काम उघडावयाचे. सरावलेला लेखनिक यावर झपाट्याने काम करतो. परंतु प्रत्येक यंत्राची निगा वेगळी राखावी लागते. दुसऱ्या मार्गात तेच जुने पडदे इंटरनेटच्या ब्राउझरमध्ये दिसतात. काही बसवावे लागत नाही. तथापि वेग व काही सोयी कमी पडतात. तिसरा मार्ग ‘फिओरी’ या नव्या पडद्यांचा. ते २०१३ पासून प्रचारात आले. ज्याचे जे काम, तेवढ्याच चौकटी त्याला दिसतात आणि पुष्कळशी कामे मोबाइलवरही होतात. मात्र कोणास काय दिसावे हे आधी काळजीपूर्वक ठरवावे लागते व शिक्षणही नव्याने द्यावे लागते.

यांपैकी श्रेष्ठ कोणता, हा प्रश्नच चुकीचा होय. दिवसाला शेकडो बिले नोंदविणाऱ्या लेखनिकाला जुना पडदाच सोयीचा असू शकेल. आठवड्यातून दोनदा मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला नवा पडदा पुरेसा आहे. भांडारात उभ्याने माल मोजणाऱ्याला हातातल्या यंत्रावर चालणारा पडदा हवा. प्रवेशाचा मार्ग प्रणालीच्या नवेपणावरून नव्हे, तर माणसाच्या कामावरून ठरवावा.

जुने दार उघडे ठेवले म्हणजे आतले सारे पूर्वीसारखेच राहते, असाही समज नसावा. जुन्या प्रणालीत ग्राहक आणि पुरवठादार यांच्या नोंदी वेगवेगळ्या पडद्यांवर होत. नव्या प्रणालीत दोघांची नोंद ‘बिझनेस पार्टनर’ या एकाच ठिकाणी होते. म्हणून जुन्याच दाराने येणाऱ्यालाही थोडे नव्याने शिकावेच लागते.

हा अनुभव शाळांना परका नाही. ‘यूडायस’ची माहिती पूर्वी छापील नमुन्यात भरून वर पाठविली जाई. २०१८-१९ पासून ‘यूडायस प्लस’ आले आणि २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. जेथे मोबाइलला लहर मिळत नाही, तेथील मुख्याध्यापकाला तालुक्याच्या गावी जावे लागते. दार फारच अवघड झाले की परवलीचा शब्द बाहेरच्या दुकानदाराच्या हाती जातो. मग कोणी काय भरले, हे कोणालाच सांगता येत नाही. पटावरचे मूल प्रणालीत राहून गेले, तर पाठ्यपुस्तकांच्या मागणीतून त्याचे नाव निसटण्याचा धोका असतो. पडद्यावरची एक चूक अशी थेट मुलाच्या दप्तरापर्यंत येऊन पोहोचते.

यास्तव स्थलांतराच्या वेळी पुढील गोष्टी पाळाव्यात. कोण, कोणते काम, किती वेळा आणि कोणत्या साधनावर करतो, याची यादी प्रथम करावी. ज्या कामासाठी नवे दार ठरले, त्याची नोंद तेथेच करावी. दोन्हीकडे भरल्यास दोन निरनिराळे आकडे तयार होतात. जुनी माहिती पाहण्याची सोय काही काळ ठेवावी, परंतु ती बंद होण्याची तारीख आधीच कळवावी. प्रशिक्षण नमुन्याच्या माहितीवर न देता शाळेच्या स्वतःच्या पटावर द्यावे. नोंद संपल्यावर पडद्यावरील यादी जनरल रजिस्टराशी नावागणिक ताडून पाहावी. परवलीचा शब्द मुख्याध्यापकाने स्वतःजवळच राखावा.

ज्या शिक्षकांना प्रत्यक्ष पडद्यावर काम करावयाचे, त्यांच्या अडचणी केंद्रसंमेलनात लेखी नोंदवून वर कळविल्या जाव्यात. दार ज्याच्यासाठी केले, त्याला त्यातून सुखाने आत येता आले, म्हणजेच स्थलांतर पुरे झाले असे समजावे.