बँजो हजारांचा, पिक दहा रुपयांची

ठाणे पूर्वेला, आपल्या कोपरीत काय किंवा शेजारच्या चेंदणी कोळीवाड्यात काय, नवरीला हळद लागली तरी बँजो सुरू झाल्याशिवाय मांडवाला रंग चढत नाही. बँजो वाजवायला बसतात ते बहुतेक पुरुषच. आता घरातल्या मुलीही शिकायचं म्हणतात. कुणी बँजो, कुणी गिटार, कुणी मँडोलिन. वाद्य घेताना आपण चार दुकानं फिरतो, पण ज्याने तार छेडायची ती पिक दुकानदार हातावर ठेवेल ती घेऊन येतो. महिन्याभरात पोरगी म्हणते, मनगट दुखतं, आवाज कर्कश येतो. मग घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, हे पोरींचं कामच नाही. अशा वेळी हात बदलायचा नसतो, आधी पिक बदलून बघायची असते. म्हणून आज तिच्याबद्दल बोलू.

आपण ज्याला बँजो म्हणतो तो अमेरिकेतला गोल, कातड्याचा बँजो नव्हे बरं का. आपला बँजो म्हणजे बुलबुल तरंग. जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून तैशोगोतो नावाचं वाद्य केलं, त्याच घराण्यातला हा. आपल्या लोकांनी त्याला वीज जोडली, स्पीकर लावला आणि तो मिरवणुकीत आणला. रवी जाधव यांनी २०१६ साली ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला तो याच वाद्यावर. डावा हात कळांवर, उजव्या हातात पिक. म्हणजे सूर डावा हात ठरवतो, पण तो गोड की कडक हे पिक ठरवते.

पिक ही नवी गोष्ट नाही. सतारवादकाच्या बोटात तारेची नखी असते, तिला मिझराब म्हणतात. सरोदवाले नारळाच्या करवंटीचा तुकडा घासून ‘जवा’ करतात. तुमच्याआमच्या चुलीत जाते तीच करवंटी!

आता निवड. पहिली गोष्ट जाडी. चांगल्या पिकवर आकडा छापलेला असतो, मिलिमीटरमध्ये: ०.४६, ०.६०, ०.७३, ०.८८, १.० असा. ०.६ च्या खालची पातळ, ०.८ पर्यंतची मध्यम, त्यावरची जाड. आकडा नसेल तर पर्समधलं एटीएम कार्ड काढा. ते साधारण ०.७६ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे मध्यम. पिक त्याच्याशेजारी धरून बघा, लगेच कळतं.

पातळ पिक तारेवर वाकते. गिटारवर सगळ्या तारा एकदम झणकारत गाण्याला साथ द्यायची असेल तर ती छान, शिकणाऱ्या हातालाही सोपी. पण एकेक सूर मोजून वाजवायला ती कामाची नाही. वाकून परत येईपर्यंत उशीर होतो आणि फडफड ऐकू येते. मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि चांगल्या ताणलेल्या. तिथे पातळ पिक हरते. मँडोलिनवाले बहुधा एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड पिक घेतात, आणि पुष्कळ जण टोकाऐवजी तिचा गोलसर कोपरा तारेला लावतात, म्हणजे आवाज भरीव येतो. आपल्या बँजोला मी सुरुवातीला मध्यम पिक सांगेन. हात बसला की पुढे जाड.

दुसरी गोष्ट कड, आणि हिच्याकडे कुणी बघतच नाही. पिकची कड अंगठ्याच्या नखावरून फिरवा. कुठे अडली, खरखरली, तर ती तारेवरही खरखरणार. घरी असेल तर बारीक पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत करा. तारही बघा. खाडीकाठच्या हवेत तारा लवकर गंजतात, आणि गंजलेली तार नवी पिक चार दिवसांत खाते. वाजवून झालं की सुक्या फडक्याने तारा पुसायची सवय लावा.

तिसरी गोष्ट पकड. आपले हात कामाचे. मासळी सोललेले, भांडी घासलेले, घामेजलेले. गुळगुळीत चकचकीत पिक अशा हातातून सटकते, मग आपण ती करकचून धरतो आणि मनगट दुखतं ते तिथून. नायलॉनची, वर खरबरीत अक्षरं उठवलेली पिक घ्या. अंगठा आणि वाकवलेल्या पहिल्या बोटाची कड यांच्यामध्ये धरायची, टोक जेमतेम बाहेर. चिमणीचं पिल्लू धरावं इतक्याच जोराने.

चकचकीत, रंगीत पिक पुष्कळदा सेल्युलॉइडची असते. आवाज तिचा सुरेख, मला स्वतःला तोच आवडतो. पण सेल्युलॉइड बनवताना त्यात कापूर घालतात आणि ते भसकन पेटतं. देव्हाऱ्यातल्या निरांजनाजवळ, गॅसच्या ओट्यावर ती ठेवू नका. पकडीसाठी पिकला गरम सुईने भोकं पाडण्याची युक्ती कुणी सांगेल, सेल्युलॉइडवर तर ती मुळीच करायची नाही. थंड सुईने वर जाळीसारखे ओरखडे काढले तरी पुरतं.

तपकिरी ठिपक्यांची पिक दाखवून कुणी म्हणालं, ही खऱ्या कासवाच्या पाठीची, तर हात जोडा आणि पुढे चला. पूर्वी हॉक्सबिल कासवाच्या कवचाच्या पिक करत. आज वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्या कासवाला सगळ्यात कडक संरक्षण आहे. बाजारात दिसते ती बहुतेक प्लास्टिकची नक्कलच, पण खरी निघाली तर पंचाईत आपली.

दुकानात एकच महाग पिक घेऊ नका. साध्या पिक दहा-वीस रुपयांना मिळतात. पातळ, मध्यम, जाड अशा तीन घ्या. गटात चार मुली शिकत असतील तर सगळ्यांत मिळून घ्या आणि आठवडाभर अदलाबदल करा. प्रत्येकीच्या हाताला वेगळी बसेल. टोक झिजून चपटं झालं की पिक फिरवून दुसरा कोपरा वापरा. तिन्ही कोपरे सारखे असलेली त्रिकोणी पिक मिळाली तर ती तिप्पट चालते.

आणि दुकान लांब असेल, पिक हरवली असेल, तर मुदत संपलेलं, बंद झालेलं एटीएम कार्ड कात्रीने कापा. चिप आणि नंबर असलेला भाग बारीक तुकडे करून टाकून द्या, उरलेल्यातून पानाच्या आकाराची पिक काढा, कडा पॉलिश पेपरवर घासा. आवाज थोडा दबका येतो आणि टोक लवकर झिजतं, पण संध्याकाळचा सराव बुडत नाही.