हिशेबाच्या वहीतले संगणकशास्त्र

संगणकशास्त्र म्हणजे की-बोर्ड बडवणे, अशी आपल्या घराघरांतून एक समजूत आहे. साताऱ्यात राजवाड्याकडून निघा किंवा सांगलीत विश्रामबागेत फिरा. ‘कोडिंग’ शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या दिसतील. गणिताचे नाव मात्र क्वचितच दिसेल. मग मुलगा इंजिनिअरिंगला जातो, ‘डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स’ नावाचा पेपर समोर येतो आणि घरात प्रश्न उभा राहतो : प्रोग्रॅम लिहायला हे कशाला हवे?

माझ्या ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबातली मुलगी याच पेपरात दोनदा अडकली. वडील म्हणाले, ‘‘काका, पदवी राहू द्या, सहा महिन्यांचा कोर्स करू द्या तिला. नोकरी लागल्याशी कारण.’’ उसाच्या बिलातून फी भरणाऱ्याचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण मला त्याचे उत्तर बँकेच्या लेजरमध्ये सापडते.

आमच्या काळी दिवसअखेर हिशेब जुळला नाही, तर जुने हेडक्लार्क फरकाला आधी नवाने भागून पाहात. समजा, 5,274 ऐवजी कोणी 5,724 लिहिले. फरक 450, म्हणजे 9 गुणिले 50. शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरक नेहमीच नवाच्या पाढ्यात येतो. कारण दहा पट आणि एक पट यांतले अंतर नऊ आहे. मात्र याचे उलट खरे नाही. 4,500 चे 450 झाले तरी फरक 4,050 येतो आणि त्यालाही नवाने भाग जातो. म्हणजे भाग गेला तर संशयित दोन, कदाचित अधिकही. भाग गेला नाही तर आकड्यांची अदलाबदल हे एकटे कारण नव्हे, हे नक्की. ‘अमुक असेल तर तमुक’ आणि त्याचे उलट विधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्या अवघड पेपरातला अगदी पहिला धडा.

हीच युक्ती पुढे किती लांब गेली पाहा. 2010 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. त्यामागची रीत व्हरहोफ या डच गणितज्ञाने 1969 साली मांडली. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले, तर यंत्राला ते तत्काळ कळते. आमच्या नवाच्या युक्तीचीच ही शिकलेली नात.

मोजणीचेही तेच. शाळेत वृत्ते शिकताना आपण लघु-गुरू मांडत होतो. तीन अक्षरांचा गण, प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू; म्हणून गण 2 × 2 × 2 = 8, नववा असूच शकत नाही. ‘यमाताराजभानसलगा’ या सूत्रात लगतची कोणतीही तीन अक्षरे घ्या, आठही गण एकेकदा भेटतात. लघु-गुरूच्या जागी शून्य आणि एक लिहिले की तीच संगणकाची भाषा. पिंगलाचार्यांनी अशा मांडण्या क्रमाने लिहिण्याची आणि कितवी मांडणी कोणती हे शोधण्याची रीत आपल्या छंदःशास्त्रात दिली आहे.

मग मुले अडतात कुठे? माझ्या मते बऱ्याचदा भाषेत. मराठी शाळेत नववीला जो ‘संच’ सहज समजला होता, तोच ‘सेट’ होऊन आला की अनोळखी वाटतो. सांगलीत 1947 साली धोंडुमामा साठे यांनी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, तेच पुढे वालचंद महाविद्यालय झाले. कऱ्हाडला 1960 साली शासकीय महाविद्यालय आले. शिक्षण दारापर्यंत आणणारी माणसे या भागाला मिळाली. आता दारापासून वर्गातल्या बाकापर्यंतचे अंतर उरले आहे. शिक्षकांनी ‘सेट म्हणजे तुमचा संच’ एवढे सांगितले तरी अर्धी भीती जाईल.

आज तर साधे प्रोग्रॅम यंत्रेच लिहून देऊ लागली आहेत. पण यंत्राने लिहिलेले बरोबर आहे का, हे सांगायला माणूस लागतो आणि त्याच्याजवळ ‘मला वाटते’ याहून भक्कम काही असावे लागते. त्यालाच गणितात सिद्धता म्हणतात. सहा महिन्यांच्या कोर्समध्ये शिकलेली संगणकभाषा चार वर्षांत जुनी होईल. सिद्धता जुनी होत नाही.

म्हणून पालकांना एवढेच सांगणे : पेपर राहिला म्हणून पोरीला घरी बसवू नका. तिला लहान आकडे घेऊन कागदावर हाताने करून पाहू द्या आणि ‘असे का?’ हे तुम्हाला मराठीत समजावून सांगायला लावा. तुम्हाला पटले, तर समजा तिला आले.