क्रूझवर जाताय? बुकिंगआधी हलाल जेवण, नमाज आणि खर्चाचा हिशोब करून घ्या

सुट्ट्या जवळ आल्या की मोबाईलवर क्रूझच्या जाहिराती सुरू होतात. निळा समुद्र, पांढरे जहाज, वरच्या डेकवर पोहण्याचा तलाव आणि खाली ठळक अक्षरात ‘माणशी फक्त’ इतके रुपये. आपल्या समाजातही आता लग्नाच्या वाढदिवसाला, मुलांच्या दहावी-बारावीनंतर किंवा आखातातून सुट्टीवर आलेल्या भावाबरोबर क्रूझवर जाण्याचे बेत होऊ लागले आहेत. त्यासोबत प्रश्नही येतात. जेवण हलाल असते का? नमाजचे काय? जहाजावर दारू आणि कॅसिनो असतो, मग जावे की नाही? अम्मीला बोटीत उतरता येईल का? या प्रश्नांची उत्तरे पैसे भरण्याआधी मिळवायची असतात, म्हणून आम्ही ती इथे एकत्र मांडत आहोत.

तसे पाहिले तर जहाज आपल्याला नवीन नाही. रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबा बोटीवर खलाशी, तांडेल, सारंग होते. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजी जहाजाने जेद्दाहला जात, आणि त्यांना निरोप द्यायला अख्खे मोहल्ले बंदरावर लोटत. पण ते जहाज प्रवासाचे साधन होते. क्रूझमध्ये जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण असते. म्हणजे एक मोठे हॉटेल, जे रात्री चालते आणि सकाळी दुसऱ्या बंदराला लागते. फरक एवढाच की हे हॉटेल पसंत पडले नाही तर मध्येच सोडून जाता येत नाही.

मुंबईहून काय मिळते

सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईतून सुटू लागले. जहाज १९९० सालचे, आधी परदेशी कंपनीकडे होते. मुंबई-गोवा अशा दोन-तीन रात्रींच्या आणि लक्षद्वीपपर्यंतच्या चार-पाच रात्रींच्या फेऱ्या लोकांना जास्त माहीत आहेत. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे खरा हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र त्यातल्या त्यात शांत. परदेशी क्रूझमध्ये आपले लोक जास्त करून सिंगापूर आणि दुबई इथून बसतात.

जाहिरातीतला भाव आणि खरा खर्च

जाहिरातीतला भाव बहुतेक वेळा ‘एका केबिनमध्ये दोघे’ असे धरून, सर्वात स्वस्त केबिनचा असतो. या केबिनला खिडकी नसते. समुद्र दिसणारी खिडकी हवी तर जास्त, बाल्कनी हवी तर आणखी जास्त. एकट्या माणसाला दुसऱ्या रिकाम्या जागेचेही बरेचसे पैसे द्यावे लागतात.

त्यावर बंदर शुल्क, कर आणि नोकरवर्गाची टीप. ही टीप बऱ्याच कंपन्या ऐच्छिक ठेवत नाहीत, बिलात लावूनच देतात. समजा जाहिरातीत माणशी २५,००० रुपये लिहिले आहे. चौघांचे एक लाख झाले. बंदर शुल्क आणि टीप मिळून माणशी ५,००० धरले तर २०,००० आणखी, आणि कर वेगळा. शिवाय वायफाय, किनाऱ्यावरची सहल, काही खास रेस्टॉरंट, फोटो, कपडे धुणे, कधीकधी बाटलीबंद पाणीसुद्धा वेगळे. जहाजावर रोख चालत नाही. केबिनचे कार्डच दाखवायचे आणि शेवटच्या दिवशी एकत्र बिल. मुलांच्या हातात ते कार्ड देताना विचार करा.

परदेशी पॅकेजवर टूर कंपनी टीसीएस कापते. तो आयकर विवरणपत्रात दाखवून वळता करता येतो, पण आधी खिशातून जातोच.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. सुट्टीसाठी व्याजाचे हप्ते घेऊन जाणे परवडत नाही, ना दुनियेच्या हिशोबाने ना दीनच्या. आणि ज्यांच्यावर हज फर्ज झाला आहे, त्यांनी ही रक्कम कुठे आधी लागायला हवी हे आपल्या आलिमांना जरूर विचारावे.

दारू, कॅसिनो आणि मुले

मोठ्या क्रूझवर बार असतात, कॅसिनो असतो, रात्री नाचगाण्याचे कार्यक्रम असतात. हे लपवण्यासारखे काही नाही. काही आलिम म्हणतात की जिथे सगळा माहोलच असा आहे तिथे हौसेसाठी जाऊ नये. काहींचे म्हणणे असे की सफर स्वतः जायज आहे, माणसाने हराम गोष्टींपासून दूर राहावे. आम्ही इथे फतवा देत नाही. पण निर्णय घेण्याआधी वस्तुस्थिती माहीत असावी. कॅसिनोत अल्पवयीन मुलांना प्रवेश नसतो, मात्र अनेक जहाजांवर जेवणाच्या हॉलकडे किंवा थिएटरकडे जाताना त्याच्या समोरूनच जावे लागते. केबिनमधल्या छोट्या फ्रीजमध्ये दारू ठेवलेली असेल तर ती काढून न्यायला सांगता येते. जेवणासाठी बारपासून लांबचे टेबल मागता येते. पंधरा-सोळा वर्षांची मुले बरोबर असतील तर रात्री कुठे जायचे, कुठे नाही, हे घरातूनच ठरवून निघा. जहाजावर वाद घालत बसण्यापेक्षा ते बरे.

तलावात उतरायला सुती कपडे बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, पोहण्याच्या कापडाचेच लागतात. अंगभर झाकणारा बुर्किनी चालतो का, हे बुकिंगच्या वेळी विचारा.

जेवण : ‘हो, हलाल आहे’ यावर थांबू नका

एजंटला विचारले की उत्तर ठरलेले असते : “सगळे मिळते, काळजी करू नका.” इतके पुरेसे नाही. चिकन-मटण कोणाकडून येते, प्रमाणपत्र आहे का, डुकराचे मांस त्याच किचनमध्ये शिजते का, तळायचे तेल आणि भांडी वेगळी आहेत का, हे ई-मेलवर लेखी विचारा. उत्तर लेखीच घ्या. बफेमध्ये सॉसमध्ये वाइन आणि गोड पदार्थांत जिलेटिन असू शकते. वाढणाऱ्याला माहीत नसेल तर शेफला बोलवायला सांगा, ते येतात.

लेखी उत्तर मिळाले नाही तर शाकाहारी जेवण आणि मासे हा मार्ग राहतो. भारतातून सुटणाऱ्या जहाजावर शाकाहारी पदार्थांची ददात नसते. समुद्रातल्या जिवांबाबत मसलकाचा फरक आहेच. शाफई मसलकात समुद्री जिवांबाबत बरीच मुभा आहे, हनफी मसलकात फक्त मासा. कोळंबीवर हनफी आलिमांमध्येही दोन मते आहेत. खेकडा, माकुल ताटात घेण्याआधी हे लक्षात असू द्या.

घरचे शिजवलेले अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या खाण्याला सहसा सूट असते.

नमाज, किब्ला आणि वुजू

क्रूझवर निघालेला माणूस शरई मुसाफिर ठरतो, कारण मुंबई ते गोवा हे अंतर सफरच्या हद्दीपेक्षा कितीतरी जास्त आहे. हनफी आलिम ही हद्द सुमारे ७८ किलोमीटर धरतात. त्यामुळे जोहर, असर आणि इशाच्या चार फर्जऐवजी दोन. फजर आणि मगरीबमध्ये बदल नाही. पण कसर सुरू होते ती शहर सोडल्यावर. जहाज मुंबई बंदराच्या धक्क्याला उभे असताना आपण मुंबईतच असतो, तेव्हाची नमाज पूर्ण पढायची.

कोकणातले आपले बहुतेक लोक शाफई. त्यांना सफरमध्ये जोहर-असर आणि मगरीब-इशा एकत्र करण्याची मुभा आहे. हनफी मसलकात ती नाही. एकाच कुटुंबात दोन्ही मसलक असतील तर यावरून केबिनमध्ये चर्चा रंगतात, म्हणून आधीच सांगितलेले बरे. मुसाफिरावर जुमा वाजिब नाही, त्या दिवशी जोहर पढता येते. शुक्रवारी जहाज किनाऱ्याला लागलेले असेल आणि जवळ मशीद असेल तर उत्तमच.

किब्ल्याचे काय? मुंबईत किब्ला साधारण २८० अंशांवर, म्हणजे पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे. लक्षद्वीपच्या अगत्तीजवळ तो सुमारे २९३ अंशांवर जातो. त्यामुळे मुंबईच्या अंदाजाने तिथे उभे राहू नका. जहाजाच्या लोखंडामुळे मोबाईलचा कंपास केबिनमध्ये चुकतो. उघड्या डेकवर जाऊन, सूर्य कुठे मावळतो ते पाहून दिशा पक्की करा. केबिनमधल्या टीव्हीवर जहाजाचा मार्ग दाखवत असतील तर त्याचाही उपयोग होतो. नमाज सुरू असताना जहाज वळल्याचे कळले तर आपणही किब्ल्याकडे वळायचे. जहाज इतके हलत असेल की उभे राहणे जमत नाही, तर बसून पढता येते.

समुद्रात इंटरनेट बंद पडते, मग नमाजचे ॲपही कधी अडते. निघण्याआधी त्या दिवसांचे वेळापत्रक कागदावर उतरवून घ्या. बाथरूम अगदी छोटे असते आणि बऱ्याच जहाजांवर जेट स्प्रे नसतो. एक छोटा प्लास्टिकचा लोटा, मुसल्ला आणि घसरणार नाही अशी चप्पल बॅगेत टाका. अगरबत्ती, लोबान, मेणबत्ती, इस्त्री मात्र घरीच ठेवा. आगीच्या भीतीने या वस्तू चढतानाच काढून घेतात.

तब्येत आणि म्हातारी माणसे

बोट लागण्याचा त्रास कोणालाही होऊ शकतो. केबिन घेताना जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची मागा, तिथे हेलकावे कमी बसतात. त्रास सुरू झाला तर केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत बसावे. गोळी डॉक्टरांना विचारून, त्रास होण्याआधीच घ्यावी.

जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे बिल मोठे असते आणि मोठ्या शस्त्रक्रियेची सोय नसते. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन-तीन दिवस जास्तीच्या घ्या आणि त्या हातातल्या बॅगेत ठेवा, कारण मोठे सामान केबिनमध्ये यायला काही तास लागतात. प्रवास विमा काढताना क्रूझ आणि आधीचे आजार त्यात येतात का, ते वाचा. बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांपुढच्या गरोदर महिलांना आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना घेत नाहीत.

सर्वात महत्त्वाचे : प्रत्येक ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही. लक्षद्वीपला ते खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत पाय टाकून उतरावे लागते. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना, व्हीलचेअरवरच्या माणसाला ते जमेलच असे नाही. ज्या बेटासाठी एवढे पैसे भरले ते त्यांनी डेकवरूनच पाहायचे, असे होऊ नये.

पहिल्या दिवशी सुरक्षेची कवायत असते. भोंगा वाजला की ठरलेल्या जागी जमायचे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ जहाज खडकावर आदळून ३२ जण मृत्युमुखी पडले. त्यातल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत तोपर्यंत झालीच नव्हती. म्हणून आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घेणे बंधनकारक आहे. ती टाळू नका आणि लाइफ जॅकेट मुलांना घालून बघा.

लक्षद्वीपला जाताना

लक्षद्वीपची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ६४,४७३, आणि त्यात ९६ टक्क्यांहून जास्त मुसलमान. तिथे जायला परमिट लागते. क्रूझ कंपनी ते काढते, पण कागदपत्रे वेळेत द्यावी लागतात. बंगाराम सोडल्यास बेटांवर दारूबंदी आहे. वस्तीच्या बेटावर अंगभर कपडे घालावेत, लोकांचे, विशेषतः बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. किनाऱ्यावर पडलेले प्रवाळ आठवण म्हणून उचलणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

ज्यांना कॅसिनोवाले जहाज नकोच आहे पण लक्षद्वीप बघायचे आहे, त्यांनी कोचीहून जाणाऱ्या लक्षद्वीप प्रशासनाच्या जहाजांची चौकशी करावी. ‘एमव्ही कवरत्ती’सारखी ही जहाजे बेटांवरच्या लोकांचीही रोजची वाहतूक करतात. थाटमाट नाही, पण तो माहोलही नाही.

पैसे भरण्याआधी हे लेखी घ्या

वादळी हवेमुळे एखादे बंदर वगळण्याचा अधिकार करारात कंपनीकडे असतो. तेव्हा किती पैसे परत मिळतात? सगळे कर आणि टीप धरून शेवटची रक्कम किती? किती दिवस आधी रद्द केल्यास किती कापणार? हलाल मांसाचे प्रमाणपत्र आहे का? ज्येष्ठांना बोटीत उतरण्याची काय सोय? परदेशी क्रूझ असेल तर आणखी एक : जहाज दुसऱ्या देशात जाऊन परत येते, म्हणून सुरुवातीच्या देशाचा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा आहे का? पासपोर्ट परतीनंतरही किमान सहा महिने वैध असावा.

बंदरावर उतरल्यावर घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, कारण जहाज कोणासाठी थांबत नाही. आणि जहाज सुटले की फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर समुद्रातल्या रोमिंगचे बिल घरी पोहोचल्यावर धक्का देते.

एजंट ही उत्तरे लेखी देत असेल तर बुकिंग करा आणि खुशाल जा. टाळाटाळ करत असेल तर पैसे देऊ नका, दुसरा एजंट पाहा. तेवढ्याच पैशात घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्यांसकट, जमिनीवरची एखादी चांगली सफर घडत असेल तर तिचाही विचार करायला हरकत नाही.