जुन्या नावांचं घर

आई(जिजाबाई, शिवाजी).

फाइलमध्ये एवढी एक ओळ लिहिली, शेवटी पूर्णविराम दिला, की प्रोलॉग भाषेत एक सत्य नोंदलं जातं. एसडब्ल्यूआय-प्रोलॉग ही ओळ देवनागरीत जशीच्या तशी स्वीकारतं. मग विचारायचं: आई(_कोण, शिवाजी). उत्तर येतं, जिजाबाई. 'कोण'च्या आधी ती आडवी रेघ लागते, कारण प्रोलॉगमध्ये व्हेरिएबल मोठ्या अक्षराने किंवा रेघेने सुरू होतो आणि आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर हा भेदच नाही.

आता विचारा: आई(_कोण, संभाजी). उत्तर येईल, फॉल्स. 'मला ठाऊक नाही' असं ते म्हणत नाही, चूक झाल्याचंही सांगत नाही. दिलेल्या माहितीतून जे सिद्ध होत नाही, त्याला प्रोलॉग सरळ नाही म्हणतं. हा 'नाही' लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशी गाठ आहे.

प्रोलॉगचा जन्म 1972 सालचा, फ्रान्समधल्या मार्सेचा. अलेन कोलमेरोएर आणि फिलिप रुसेल यांनी ती घडवली. तिच्यामागच्या तर्कशास्त्राचा मोठा वाटा रॉबर्ट कोवाल्स्की यांचा, ते तेव्हा एडिंबरात होते. पुढे एडिंबरातच डेव्हिड वॉरन यांनी डेक-10 यंत्रासाठी कंपायलर लिहिला आणि ही भाषा वेगाने चालू शकते हे सिद्ध झालं. मग ठिकठिकाणी प्रोलॉग तयार झाले: क्विंटस, सिक्स्टस, याप. गाभा सगळ्यांचा एकच. पण दोन शब्द जोडणं, यादी छापणं, ओळ मोडणं अशा रोजच्या किरकोळ कामांना ज्याने त्याने आपल्या सोयीची नावं दिली. आयएसओचं प्रमाण आलं 1995 साली, म्हणजे भाषा तेवीस वर्षांची झाल्यावर.

यान वीलेमाकर यांनी अॅमस्टरडॅम विद्यापीठात एसडब्ल्यूआय-प्रोलॉग लिहायला घेतलं ते 1987 मध्ये, या प्रमाणाच्या आठ वर्षं आधी. त्यात दोन शब्द जोडण्याच्या प्रेडिकेटचं नाव होतं 'कॉनकॅट'. प्रमाणाने ठरवलं 'अॅटम_कॉनकॅट'. अख्खी यादी जोडणारं 'कॉनकॅट_अॅटम' होतं, त्याच्या जागी वेगवेगळ्या प्रोलॉगकर्त्यांच्या सामाईक प्रयत्नातून 'अॅटॉमिक_लिस्ट_कॉनकॅट' आलं. 'राइट_एलएन'मधली रेघ गेली, 'राइटएलएन' उरलं. 'चेकलिस्ट'चं काम 'मॅपलिस्ट' करू लागलं.

मग जुन्या नावांचं काय करायचं? पुसून टाकली, तर ती वापरणारा प्रत्येक प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी बंद. मुख्य लायब्ररीत तशीच ठेवली, तर नव्याने शिकणाऱ्याला एकाच कामाची तीन नावं दिसणार आणि तो चुकीचं उचलणार. एसडब्ल्यूआयने त्यांना वेगळं घर दिलं. 'बॅककॉम्प' नावाची एक लायब्ररी आहे, तिच्यात ही सगळी निवृत्त नावं राहतात. फाइल उघडून पाहण्यासारखी आहे. बहुतेक व्याख्या दोन-चार ओळींच्या: जुनं नाव हाक घेतं आणि काम नव्या नावाकडे सोपवतं. वर टिपेत लिहिलेलं असतं की हे आता वापरू नका, त्याऐवजी अमुक वापरा.

ही लायब्ररी मागवावीही लागत नाही. प्रोग्रॅम चालताना अनोळखी नाव आलं, की प्रोलॉग आपल्या लायब्रऱ्यांच्या सूचीत ते शोधतं, सापडलं तर ती फाइल आपोआप आत घेतं आणि काम पुढे चालू ठेवतं. मुंबईत टॅक्सीवाल्याला 'व्हीटी' म्हटलं तरी तो छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला नेतो, तसंच. आणि आपल्या कोणत्या फायली अजून जुन्या नावांवर अवलंबून आहेत हे पाहायचं असेल, तर त्याच प्रणालीत 'जीएक्सरेफ' हे साधन आहे. ते यादी काढून देतं. सवडीने दुरुस्त करा.

क्विंटससाठीची लायब्ररी निराळी. तिच्यातलं 'मोड' मला फार आवडतं. डेक-10च्या काळात कोणतं मूल्य आत येणार आणि कोणतं बाहेर जाणार हे प्रोग्रॅमर 'मोड' लिहून कंपायलरला आधी सांगत असे. एसडब्ल्यूआयला त्याची गरज नाही. म्हणून ते ही घोषणा ऐकून घेतं आणि काहीच करत नाही. जुन्या प्रोग्रॅमचा मान राहतो, तो चालतो.

इथपर्यंत सगळं सोपं, कारण हरवलेलं नाव ओरडून सांगतं: अशी प्रक्रिया अस्तित्वात नाही. खरी कसोटी लागते ती नाव तेच राहून अर्थ बदलतो तेव्हा.

एडिंबरा परंपरेत दुहेरी अवतरणातला मजकूर म्हणजे आकड्यांची यादी. "आई" लिहिलं की प्रोलॉगला दिसायचं [2310, 2312], त्या दोन अक्षरांचे युनिकोड क्रमांक. प्रोग्रॅमर त्या यादीचा पहिला घटक सोलून काढायचे, उरलेल्या यादीवर तेच काम पुन्हा करायचे. एसडब्ल्यूआयच्या सातव्या आवृत्तीत "आई" ही यादी राहिली नाही, ती स्ट्रिंग झाली. बदल योग्यच होता. यादीच्या आत वापरला जाणारा बिंदूही तेव्हाच नव्या कामासाठी मोकळा केला, तोही योग्य. पण जुना प्रोग्रॅम स्ट्रिंगला यादी समजून तिचा पहिला घटक मागतो, ते जुळत नाही, आणि उत्तर येतं: फॉल्स. चूक झाल्याचा संदेश येत नाही, प्रोग्रॅम कोसळतही नाही. काल 'हो' म्हणणारा प्रोग्रॅम आज शांतपणे 'नाही' म्हणतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं तेच सत्य आहे. दुसऱ्या भाषांत असा बदल बहुधा लगेच उघडा पडतो. तर्काच्या भाषेत तो उत्तराचं रूप घेऊन येतो, म्हणून इथे अर्थ बदलणं हे नाव बदलण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

वीलेमाकर यांनी यावर वाट ठेवली आहे. फाइलच्या डोक्यावर 'डबल_कोट्स' हा फ्लॅग 'कोड्स' असा लावला, की त्या फायलीपुरता जुना अर्थ परत येतो. सगळंच जुनं हवं असेल तर प्रोलॉग सुरू करतानाच 'ट्रॅडिशनल' हा पर्याय द्यायचा. व्याकरणाच्या नियमांत थेट लिहिलेला मजकूर तर नव्या आवृत्तीतही पूर्वीसारखाच चालतो. माझ्या मते हीच रीत बरोबर आहे: चांगला बदल अडवायचा नाही, पण ज्याने काल विश्वास ठेवला त्याला परतीचं दार दाखवायचं.

तुमच्याकडे इंजिनिअरिंगच्या एआय प्रॅक्टिकलला एसडब्ल्यूआयवर लिहिलेला एखादा जुना प्रोग्रॅम पडून असेल, तर आजच्या आवृत्तीवर चालवून पाहा. अनपेक्षित फॉल्स आला, तर आपल्या तर्काला दोष देण्याआधी दुहेरी अवतरणचिन्हं तपासा.