पत्ता शेवटून वाचावा



केंदूरच्या एखाद्या घरात सौरपंपाचा विषय निघाला, की बाप फोन मुलाच्या हाती देतो. ‘बघ रे बाळा, अर्ज कुठं भरायचा.’ सातवीतलं पोर योजनेचं नाव टाकतं, दहा संकेतस्थळं पुढं येतात, आणि त्यांतलं खरं कोणतं हे ठरवणं त्या पोरावर येऊन पडतं. तेव्हा हा विषय शाळेचाच झाला.

२०१९ साली केंद्र सरकारची कुसुम योजना आली आणि तिच्या नावाची बनावट संकेतस्थळेही निघाली. नोंदणी फी म्हणून शेतकऱ्याचे पैसे घ्यायचे, वर त्याची माहितीही काढून घ्यायची, असा तो धंदा. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला वारंवार सूचना काढाव्या लागल्या. त्यांत दिलेल्या खोट्या पत्त्यांत ‘किसान’, ‘कुसुम’, ‘योजना’ हे शब्द ठसठशीत होते. शेवट मात्र कुठे ‘डॉट को डॉट इन’, कुठे ‘डॉट ऑर्ग डॉट इन’. असली शेपटी पैसे भरून कोणालाही मिळते. ‘डॉट गव्ह डॉट इन’ ही सरकारी खात्यांनाच मिळते.

गुरुजींनी फळ्यावर नुसते ‘शिरूर’ लिहावे आणि विचारावे, हे कोणते? आपले पुण्याचे आहे, बीडमध्ये शिरूर कासार आहे, लातूरकडे शिरूर अनंतपाळ. खालचा जिल्हा वाचल्याशिवाय उलगडा होत नाही. संकेतस्थळाचेही तसेच. पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्यावा आणि तो शेवटून वाचावा. ‘पीएमकुसुम डॉट एमएनआरई डॉट गव्ह डॉट इन’ : शेवटी सरकार, त्याआधी खाते, त्याआधी योजना. आणि ‘गव्ह डॉट इन’ मध्येच घालून शेवटी ‘डॉट कॉम’ असेल, तर? मालक शेवटचा, बरं का!

एवढ्याने सगळे भागत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा पत्ता ‘डॉट एसी डॉट इन’ने संपतो आणि तो खराच आहे. पत्त्याजवळच्या कुलपाच्या चित्रावरही भुलू नये. वाटेत कोणी माहिती वाचणार नाही एवढेच ते सांगते, घरधनी प्रामाणिक आहे असे नव्हे. पैसे मागितले म्हणजे खोटेच, हेही खरे नाही, कारण सरकारी सौरपंपालाही शेतकऱ्याचा हिस्सा भरावा लागतो. अशा वेळी मुलाला सांगावे, थांब. उद्या महावितरणच्या कचेरीत विचारू, मग भरू.

आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. पोराला रागवायचे ते नंतर पाहू.