योजनेचा अर्ज ऑनलाइन भरताना ब्राउझर सुरक्षित कसा ठेवावा?

पीएम किसानचे ई-केवायसी असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो किंवा आयुष्मान कार्ड, अनेक योजनांसाठी आधार क्रमांक, बँक खात्याचा तपशील आणि ओटीपी ब्राउझरमध्ये भरावा लागतो. ही माहिती चुकीच्या हाती गेल्यास खात्यातील रक्कम जाऊ शकते. ती जपण्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. पुढील सवयी आणि काही सेटिंग्ज पुरेशा आहेत.

१. माहिती भरण्यापूर्वी पत्ता वाचा

बहुतेक शासकीय संकेतस्थळांचे नाव 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असे संपते. 'पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन' हा खरा पत्ता आहे. मात्र 'जीओव्ही'च्या आधी डॉटऐवजी आडवी रेघ (-) दिसली, तर ते संकेतस्थळ शासनाचे नाही. मोबाइलवर पूर्ण पत्ता दिसत नसेल, तर पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवून तो उघडा आणि पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत वाचा.

पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह असले म्हणजे संकेतस्थळ खरेच आहे, असे समजू नये. आपण पाठवलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बनावट संकेतस्थळावरही ते चिन्ह असू शकते.

२. दुसऱ्याच्या संगणकावर अर्ज भरताना

सायबर कॅफे, सेवा केंद्र किंवा नातेवाइकांच्या संगणकावर पुढील काळजी घ्या:

• इनकॉग्निटो (फायरफॉक्समध्ये प्रायव्हेट) विंडो उघडून काम करा.
• 'पासवर्ड सेव्ह करायचा का?' असे विचारल्यास नकार द्या.
• काम झाल्यावर लॉग आउट करून सर्व खिडक्या बंद करा.
• डाउनलोड केलेल्या फाइल्स 'डाउनलोड्स' आणि 'रिसायकल बिन' या दोन्ही ठिकाणांहून काढून टाका. इनकॉग्निटो विंडो बंद केली तरी त्या संगणकावर राहतात. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड नाव आणि जन्मवर्षावरून तयार होतो, त्यामुळे ती फाइल मागे ठेवणे धोक्याचे आहे.
• चालेल तेथे मास्क्ड आधार द्या. त्यावर आधार क्रमांकाचे शेवटचे ४ अंकच दिसतात.
• केंद्रचालकाला ओटीपी सांगण्यापूर्वी तो कोणत्या कामासाठी आला आहे, हे संदेशात वाचा.

३. स्वतःच्या मोबाइलवर एकदा करावयाच्या सेटिंग्ज

• ब्राउझर नेहमी अपडेट ठेवा. जुन्या आवृत्तीतील त्रुटींचा गैरफायदा घेतला जातो.
• क्रोममध्ये 'सेटिंग्ज'मधील गोपनीयता आणि सुरक्षा विभागात जाऊन सुरक्षित ब्राउझिंग चालू करा. धोकादायक म्हणून नोंद असलेले संकेतस्थळ उघडण्यापूर्वी ब्राउझर इशारा देईल. तेथेच थर्ड-पार्टी कुकीज बंद करता येतात.
• 'साइट सेटिंग्ज'मध्ये सूचनांची (नोटिफिकेशन) यादी पाहा आणि अनोळखी संकेतस्थळांची परवानगी काढा. 'आपला हप्ता अडकला आहे' अशा फसव्या सूचना याच मार्गाने येऊ शकतात.
• संगणकावरील ब्राउझरमध्ये वापरात नसलेली एक्स्टेन्शन्स काढून टाका. काही एक्स्टेन्शन्स आपण उघडलेले पान वाचू शकतात.
• योजनेच्या नावाने व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल इन्स्टॉल करू नका.

४. फसवणूक झाल्यास

वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती रोखली जाण्याची शक्यता वाढते. 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. व्यवहार क्रमांक, संदेश आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. त्यानंतर दुसऱ्या, सुरक्षित उपकरणावरून पासवर्ड बदला.

लक्षात ठेवा: लाभ मंजूर करण्यासाठी कोणी फोनवर ओटीपी किंवा पिन मागत असेल, तर तो देऊ नका आणि फोन ठेवून द्या.